फासकीतलं मटण

उलांझीचे दिवस लागले की युस्तिनाच्या हाताला वास लागायचा, तो पावसाळा सरेपर्यंत जायचा नाही. बांबूच्या कोवळ्या कोंबाचं टोक छाटायचं, खाली नळकांडं बांधायचं, सकाळ-संध्याकाळ कोयत्यानं पुन्हा पातळ काप घ्यायचा आणि ठिबकलेला रस डब्यात गोळा करून घरी आणायचा, हे काम ती लहानपणापासून करत आली होती. तो रस, म्हणजेच उलांझी, दुपारपर्यंत आंबून चढायला लागायचा. त्याचा आंबूस वास तिला कधी खटकला नव्हता. हा वास दुसरा होता. तो नखांच्या कडेला बसायचा आणि मक्याच्या उगालीचा घास वळला की आधी तोच नाकात शिरायचा.

नवरा, दामास, जंगलातून उतरायचा तेव्हा त्याच्या पाठीवर पोतं असायचं. मागच्या दाराशी तो ते टाकायचा. पोत्याआधी माशा घरात यायच्या.

"बघ, हुईल काहीतरी," एवढं म्हणून तो चुलीपाशी पाय शेकत बसायचा.

पोतं उघडायचं युस्तिनानं. कधी साळिंदर, कधी मांजराएवढी घूस, कधी तांबड्या अंगाचं बुटकं हरीण. पोट फुगलेलं, पाय तारेनं हाडापर्यंत कापलेला, डोळ्यांच्या खाचेत अळ्यांची वळवळ. ती काडीनं अळ्या झटकायची, हिरवं पडलेलं मांस कापून टाकायची, उरलेलं राखेनं चोळून लिंबाच्या पाण्यात बुडवायची आणि ओल्या लाकडाच्या धुरावर टांगायची. धुरानं काळं पडलेल्या मांसाचं वय कोणाला कळत नाही. मग मिरची लावून ते तिच्या उलांझीच्या गुत्त्यावर, केळीच्या पानावर मांडायचं. उलांझीच्या मगाबरोबर लोक मागूनमागून खायचे.

मांस कुजायचं त्याला कारण होतं दामासचा थोरला भाऊ. कालिस्त गावाच्या जंगल समितीचा अध्यक्ष होता. गावामागच्या उझुंग्वाच्या डोंगरावरचं जंगल राखीव झालं होतं. सरकारी रखवालदार गस्तीला यायचे, तेव्हा समितीतर्फे कालिस्तच त्यांच्यापुढं चालायचा आणि फासक्यांच्या तारा नसलेल्या धारेनं त्यांना फिरवून आणायचा. गस्त कधी येणार ते दामासला आधी कळायचं. तेवढे दिवस दामास घरी बसायचा. फासक्या मात्र वर तशाच राहायच्या. त्यांत जनावर अडकायचं, ओढून ओढून मरायचं आणि पावसात पडून कुजायचं. या बातमीदारीच्या बदल्यात कालिस्तच्या घरी मागची तंगडी जायची, तीही ताज्या जनावराची. शिळं युस्तिनाच्या वाट्याला.

त्या वर्षी पाऊस मोप झाला. गस्तही वाढली होती, कारण शहरातून जनावरांचा अभ्यास करणारी मंडळी येऊन झाडाझाडाला कॅमेरे बांधून गेली होती. त्यामुळं पोत्यातून येणारं मांस दिवसेंदिवस जास्तच कुजकं यायला लागलं.

एका दुपारी गुत्ता भरला होता. लुटेगो म्हातारा नेहमीसारखा दाराशी बसला होता. सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, भांडण नाही की तंटा नाही. त्यानं मांसाचा तुकडा तोंडात घातला, चावला आणि थांबला. मग बोटानं तो बाहेर काढून पानावर ठेवला, उजेडाकडं धरून बघितला.

"युस्तिना," तो हळू आवाजात म्हणाला, "हे कधी मेलं व्हतं, पोरी?"

"म्हातारबा, तुमच्या वरातीतलं शिल्लक आसंल," कोणीतरी मागून म्हणालं आणि गुत्ता हसला.

"धुराचा वास हाय, आजोबा," युस्तिना म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच ऐकू आलं, आणि तोंडात घाण आल्यासारखं झालं.

लुटेगोनं तुकडा पुन्हा तोंडात घातला आणि गिळला. तिची लाज राखायला गिळला, हे तिला कळलं. चार दिवस तो दिसला नाही. जुलाबानं अंथरुणाला खिळल्याचं मग समजलं. पाण्यावर त्याची बायको भेटली. युस्तिनानं हाक मारली, तर तिनं हंडा उचलून पाठ फिरवली.

त्या दिवसापासून युस्तिनानं मांस खायचं सोडलं. घुगऱ्या आणि पालेभाजीवर ती दिवस काढू लागली. सासू चुलीपलीकडं बसून बघायची. तिच्या तोंडात दात उरले नव्हते, पण जीभ जागेवर होती.

"राणीसायबांला वास येतुया," ती शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची. "आमी काय नाक कापून आलो व्हतो का? जंगलानंच पोसलंय आमाला."

जंगलानं पोसलं हे युस्तिनाला मान्य होतं. तिचा बापही शिकारी होता, पण तो कुत्रं आणि भाला घेऊन जायचा, एक जनावर आणायचा आणि ते त्याच दिवशी शिजायचं. ही तार वेगळी होती. मोटारसायकलच्या जुन्या केबली सोडवून दामासनं डोंगराच्या धारेवर फांद्यांचं बुटकं कुंपण घातलं होतं, आणि त्याच्या फटीफटीत एकेक फासकी लावली होती. वाकून जाणारं जे कोणी येईल ते त्यात.

पावसाच्या ऐन भरात दामासचा पाय घसरला आणि छाटलेल्या बांबूचं टोक तळव्यात घुसलं. पाय सुजून भोपळ्यासारखा झाला. तो पडून राहिला आणि वरच्या फासक्या बघायला कोणी उरलं नाही. तशात कालिस्त घरी आला. समितीच्या नव्या फलकाचं उद्घाटन ठरलं होतं. जिल्ह्याचा साहेब येणार, शहरातली मंडळी येणार, जेवणावळ होणार. जेवणासाठी समितीला एक बोकड मिळाला होता. तो कालिस्तच्या परड्यात बांधलेला सगळ्यांनी पाहिला होता.

"बोकड कशाला मारायचा," कालिस्त म्हणाला. "चांगला बियाण्याचा हाय. वर काहीतरी अडकलेलं आसंल. दामास न्हाई तर तू चल माझ्यासंगं, युस्तिना. ओझं वाहायला माणूस पायजे."

युस्तिनानं नवऱ्याकडं बघितलं. दामासनं भिंतीकडं तोंड केलं.

सकाळीच दोघं निघाली. धुकं एवढं दाट होतं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसायची. चहाच्या मळ्याची हद्द संपली आणि मोठी झाडं सुरू झाली, शेवाळ लोंबणारी, खोडांतून पाणी पाझरणारी. तांबड्या टोपीची वानरं वरून त्यांना बघून खाकरली आणि फांद्या हलवत निघून गेली. एका झाडाला कॅमेरा बांधलेला होता. कालिस्तनं डोक्यावरची टोपी काढून त्याच्या भिंगावर अडकवली, युस्तिनाला पुढं जाऊ दिलं, आणि मग लांब हात करून टोपी काढून घेतली.

"शहरातल्यांसंगं मीच बांधलाय ह्यो," तो म्हणाला. "कुठं बघतो ते मला म्हाईत हाय."

कुंपण लागलं तसा वास सुरू झाला. पहिल्या फासकीत उदमांजर होतं, किंवा त्याचं कातडं. आत मुंग्याच होत्या. त्यापुढं एक हरीण, पाठ फाटून फासळ्या उघड्या. त्यापुढं लांब नाकाचं, राखी तोंडाचं, सशाएवढं जनावर. असली जनावरं पानांच्या कचऱ्यात नाक खुपसून किडे हुडकत पळताना तिनं लहानपणी पाहिली होती. त्यांना कोणी खात नव्हतं. याच्या पोटात तार रुतली होती आणि नाक मातीत खुपसलेलंच राहिलं होतं.

"ह्ये कशाला धरलंय?" तिनं विचारलं.

"तारंला काय कळतंय," कालिस्त म्हणाला आणि मेलेलं पायानं बाजूला लोटून फासकी पुन्हा उघडून ठेवली.

ओळीनं हेच. घरी पोत्यात येतं ते तिला माहीत होतं. जे येत नाही ते ती आज बघत होती. एका पोत्यासाठी एवढं सगळं इथं सडत होतं, कोणाच्याच पोटात न जाता. तोंडाला खांद्यावरचं कांग्याचं फडकं लावून ती चालत होती. एकदा तिला थांबून ओकावं लागलं. कालिस्त हसत उभा राहिला.

धारेच्या टोकाला फांद्या हलल्या. काळपट अंगाचं, वासराएवढं जड जनावर तिथं उभं होतं, कपाळावर तांबड्या केसांचा झुबका. मिंदे. हे हरीण गावात म्हाताऱ्यांनी तेवढं पाहिलेलं. दामासच्या पोत्यात ते कधी आलं नव्हतं. पुढचा पाय फासकीत होता. भोवतीची माती त्यानं गोल खणून चिखल केला होता. माणसं दिसल्यावर त्यानं ओढ दिली, आणि पायाची कातडी मोज्यासारखी खाली सरकली.

"सोडा त्याला, भाऊजी," युस्तिना म्हणाली.

"सोडू? आन् साहेबाला काय तुझी पालेभाजी वाढू?" कालिस्तनं दोर काढला. "आत्ता मारलं तर कार्यक्रमापातुर वास मारंल. जित्तंच न्यायचं."

त्यानं दांडक्यानं जनावराच्या मागच्या गुडघ्यावर मारलं. ते बसलं तसं त्यानं फासकी सोडवून चारी पाय बांधले. तिथलेच बांबू तोडून त्यांच्या मोळीत ते गुंडाळून दोघांनी खांद्यावर घेतलं. उतारभर त्याचा गरम श्वास तिच्या मानेवर येत होता. वाटेत पाटी घेऊन चाललेल्या बायका भेटल्या. कालिस्तनं त्यांना समितीच्या मांडवासाठी बांबू नेतोय असं सांगितलं, आणि त्या युस्तिनाला म्हणाल्या की बाई, तुझा दीर गावासाठी किती राबतो.

कार्यक्रमाला अजून अवकाश होता. जनावर युस्तिनाच्या धुराच्या झोपडीत राहिलं, दाराला आडवा बांबू लावून. तिनं पाणी ठेवलं, ते प्यालं नाही. पाला ठेवला, त्याला तोंड लावलं नाही. उपाशी बसून ते फक्त बघायचं. तारेनं कापलेल्या पायाला पाणी सुटलं, मग वास सुटला. मेलेल्याचा वास तिच्या सवयीचा होता. जित्या जनावराच्या अंगाला तो येताना तिनं पहिल्यांदा अनुभवला. पलीकडच्या खोलीत दामासचा पायही तसाच फुगला होता, त्याला ती रोज गरम पाण्यानं धुवायची. दोन्ही ठिकाणी माशा त्याच होत्या.

"त्याचा पाय सडतुया," तिनं दामासला सांगितलं.

"सडू दे. परवा कापायचंच हाय," तो म्हणाला, आणि आपला पाय तिच्यापुढं केला.

कार्यक्रमाच्या सकाळी कालिस्तनं येऊन मान कापली आणि हात धुऊन मांडवाकडं गेला. सोलायचं, कापायचं युस्तिनाकडं. पोट फाडलं आणि तिचा हात आतल्या पिशवीला लागला. पिशवी हलली नाही, पण ऊबदार होती. तिनं ती चिरली. आत पूर्ण वाढलेलं पाडस होतं. खूर मऊ, पिवळट, ओले केस अंगाला चिकटलेले, कपाळावर तसाच तांबडा झुबका.

सासू केव्हा मागं येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही.

"त्ये मला येगळं शिजीव," सासू म्हणाली. "मऊ आसतंय. दाताचं काम न्हाई."

युस्तिना उठली, झोपडीमागं गेली आणि पोटात काही नसताना ओकत राहिली, पित्त पडेपर्यंत. परत आली तेव्हा सासू ते पाडस पाटीत घेऊन बसली होती आणि त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा राखेनं पुसत होती, जसं बाळाला पुसावं तसं. युस्तिनानं पाटी तिच्या हातातून काढून घेतली, केळीच्या बुडाशी खड्डा केला आणि पाडस पुरलं. सासू तोंडाला येईल ते बोलत राहिली. उरलेलं मांस मात्र तिनं शिजवलं. टोमॅटो घातले, कांदा, मिरची. का शिजवलं, असं तिला नंतर कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात चालत होते.

मांडवात सगळा गाव जमला. नवा फलक उभा होता, त्यावर वानर, हरीण आणि हत्ती रंगवलेला. हत्ती त्या डोंगरावर आता उरलेही नव्हते. कालिस्तनं भाषण केलं. जंगल आपली आई आहे, आईच्या अंगाला हात लावणाऱ्याचा हात समिती धरील, असं तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. शहरातल्या मंडळींबरोबर अनेथ नावाची तरुण बाई होती. कॅमेरे तिचे. तिनं एक मोठा फोटो वर धरला.

"हे मिंदे," ती म्हणाली. "जगात आपल्या या देशातच आहे, तेही थोड्याच डोंगरांवर. तुमच्या जंगलात ते उरलं असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आणि हिचं पोट बघा. ही व्यायला झाली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कालिस्तनं सगळ्यांत जोरात वाजवल्या. युस्तिना मांडवाच्या मागं पातेल्याजवळ उभी होती. फोटोतल्या कपाळावरचा झुबका तिला तिथून दिसत होता.

वाढायला तीच गेली. जिल्ह्याच्या साहेबाच्या ताटात कालिस्तनं स्वतः मोठे तुकडे निवडून घातले. साहेबानं दोन घास खाल्ले, बोटं चाटली. युस्तिना त्याच्या शेजारी वाकली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता.

"साहेब, ह्ये बोकड न्हाई. बोकड भाऊजींच्या परड्यात बांधलाय. ह्ये त्या फोटूतलं जनावर हाय. मीच कापलंय."

आजूबाजूचे हात ताटावर थांबले. अनेथचा घास तोंडाजवळ होता. तिनं तो खाली ठेवला, ताट हळूच पुढं सरकवलं आणि हात मांडीत घेतले. कालिस्त हसायला लागला, भावजयीला उलांझी जास्त झाली असं काहीसं म्हणाला. कोणी त्याच्याबरोबर हसलं नाही. सगळे साहेबाकडं बघत होते.

साहेब चावत होता. त्यानं तोंडातलं सावकाश गिळलं, हाड काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"बाई," तो म्हणाला, "मीही याच डोंगरातला आहे. बोकडाची चव मला कळते." मग त्यानं पातेल्याकडं बोट केलं. "थोडा रस्सा घाल."

युस्तिनाला वाटलं होतं की तो ओरडेल, कालिस्तला धरेल, निदान तिला तरी धरेल. ती पळी धरून उभी राहिली. साहेब थांबला होता. शेवटी कालिस्तनं तिच्या हातातून पळी घेतली आणि रस्सा वाढला. हळूहळू बाकीच्यांनीही जेवायला सुरुवात केली. फक्त अनेथ उठून गाडीत जाऊन बसली. जाताना साहेबाच्या गाडीत केळीच्या पानात बांधलेलं एक पुडकंही गेलं.

त्यानंतर कालिस्तनं समितीचा ठराव करून जंगलालगतच्या बांबूंना हात लावायची युस्तिनाला बंदी केली. जंगलाची नासधूस होते, असं कारण दिलं. घरामागची दोनचार बेटं तेवढी तिची उरली. त्यांतून आटून आटून मिळणाऱ्या उलांझीवर गुत्ता चालेना. गिऱ्हाइकं दुसरीकडं जाऊ लागली. लुटेगो बरा झाल्यावर काठी टेकत आला, एक मग प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

दामास धुमसत होता. साहेबासमोर तोंड उघडून तू घर बुडवलंस, असं तो रोज ऐकवायचा. पायाची सूज उतरली तशी तो लंगडत जंगलात गेला, दुपारी परत आला आणि पोतं मागच्या दाराशी टाकलं. माशा आत आल्या.

युस्तिना भांडी घासत होती. ती उठली नाही.

"उघड की," दामास म्हणाला.

"तुमचं हाय. तुमीच उघडा. धुवा, कापा, धुरावर टाका. माझ्या चुलीवर न्हाई, तिकडं दुसरी मांडा. मी ह्याला हात लावायची न्हाई. आज न्हाई आन् कधीच न्हाई."

सासू काही म्हणायला गेली. दामासनं हातानं तिला गप्प केलं. त्याला वाटलं, थोड्या वेळानं ही उठेल. युस्तिना भांडी घासून पालथी घालून गुत्त्यात जाऊन बसली.

तिथून तिला त्याचा सगळा आवाज ऐकू येत होता. आधी पोत्याची गाठ सुटल्याचा, मग त्याच्या शिव्यांचा. मग ओकण्याचा. लुटेगो दाराशी बसला होता, त्यानं मान वर केली, तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा मगात तोंड घातलं. इतकी वर्षं तो माणूस पोतं आणत होता. त्याच्या आत हात घालायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. पाठीवर वाहिलेला वास आणि बोटांत आलेला वास यांत फरक असतो.

थोड्या वेळानं कुदळीचा आवाज आला. दामास परसात खड्डा खणत होता, एका पायावर जोर देऊन.

दुसऱ्या दिवशी तो कोयता घेऊन वर गेला. पाऊस दिवसभर पडत होता. तो आला तेव्हा भिजून काळाठिक्कर पडला होता, आणि खांद्यावर पोत्याऐवजी केबलींची भेंडोळी होती, गंजलेली, केस आणि कातडी अडकलेली. त्यानं ती अंगणात टाकली आणि उंबऱ्यावर बसून पाय पुढं केला. जखम पुन्हा फुटली होती.

युस्तिनानं गरम पाणी आणलं. पाय धुताना तिनं भेंडोळ्यांकडं बघितलं.

"सगळ्या ह्याच?" तिनं विचारलं.

"माझ्या," दामास म्हणाला. "दादाच्या तशाच हायती. त्याची ओळ पलीकडच्या धारेला. तिकडं माझा पाय चालंना."

तिनं फडकं पिळलं, जखमेवर घट्ट बांधलं आणि कोयता कुठं ठेवलाय ते विचारलं.